एकोणचाळिसावं वाक्य

आर्णीत मी इटालियन शिकवत होते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे नीट बघून घेतो. बाई तर शहाणी दिसते, मग हे काय मधेच? बसस्टँडमागे खता-बियाण्यांच्या दुकानावरची खोली भाड्याने मागायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, इथं इंग्लिश शिकाले पोट्टे येत नाहीत. तुमचं इटालियन कोन शिकनार हाय? पिझ्झा खाले भाषा लागते काय?"

मी म्हटलं, येतील. आणि आले. आर्णी, दारव्हा, घाटंजी. एक मुलगी तर मुकुटबनहून दर शनिवारी दोन एसटी बदलून यायची. बहुतेक नर्सिंग झालेल्या, कुठल्या तरी खासगी दवाखान्यात बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या मुली. तिकडे इटलीत म्हातारी माणसं फार आणि त्यांना उचलायला हात कमी. इकडे हात भरपूर आणि धड नोकरी नाही. व्यवहार एवढाच. मधे नागपूरचे एक एजंटसाहेब होते. ते मुलींची कागदपत्रं तपासायचे आणि मी त्यांची तोंडं तपासायचे, म्हणजे तोंडातून इटालियन निघतं की नाही ते.

मी स्वतः मूळची नेरची. नर्स झाले, यवतमाळच्या दवाखान्यात नऊ वर्षं काढली, मग ओळखीच्या एका सिस्टरच्या शब्दावर इटलीला गेले. उत्तरेकडच्या एका लहान गावातल्या वृद्धाश्रमात चौदा वर्षं म्हाताऱ्यांचं उठणं-बसणं, खाणं आणि हगणं-मुतणं सांभाळलं. गुडघे गेले तेव्हा परत आले. म्हणजे भाषा मी काही कॉलेजात शिकले नाही, बेडपॅन हातात धरून शिकले. म्हणून माझं शिकवणंही तसंच. व्याकरणाचं पुस्तक होतं, परीक्षेपुरतं. पण नोकरी टिकते ती रोजच्या चार वाक्यांवर, हे मला माहीत होतं. मी चाळीस वाक्यांची एक यादी केली होती. इटालियन वाक्य देवनागरीत, त्याचा अर्थ आणि पुढे माझा शेरा. पहिल्या दिवशी झेरॉक्स हातात द्यायचे आणि सांगायचे, "हे पाठ नाही झालं तं उद्या येऊ नोका."

पहिलं वाक्य 'पेरमेस्सो'. आत येऊ का? कोणाच्याही खोलीत शिरताना म्हणायचं. खाटेवरच्या माणसाला ऐकू येत नसलं, तो शुद्धीवर नसला तरी म्हणायचं. आपल्याकडच्या नर्सला हे पटवायला मला तीन आठवडे लागायचे. आपण पडदा सरकवतो, चादर ओढतो आणि मग विचारतो, काय झालं. 'बुओन लावोरो', म्हणजे काम चांगलं होवो. ड्युटी संपवून निघताना जी मागे राहते तिला म्हणायचं. 'आ दोर्मीतो बेने?' झोप बरी लागली का? हे रोज सकाळी विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. 'हो फामे', मला भूक लागली आहे.

या भुकेच्या वाक्यावर माझा फार जीव होता. त्याचं कारण गजानन. नेरजवळच्या खेड्यातला, माझ्या वर्गातला एकटाच मुलगा. धिप्पाड, लाजाळू. तिकडे गेल्यावर तीन आठवड्यांनी त्याचा व्हिडिओ कॉल आला, तर गालफडं बसलेली.

"काहून रे, खाऊन नाही राह्यला का?"

"कोनी देऊनच नाही राह्यलं मॅडम."

खोदून विचारलं तेव्हा कळलं. दुपारी बरोबरची माणसं डबा उघडून त्याला रोज विचारत होती, भूक लागली का, घेतोस का. आणि गजानन रोज म्हणत होता, "नो, नो, ग्रात्सिए." त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे पाहुण्याने पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं नसतं. आता नाही, आत्ताच खाऊन आलो, पोट भरलं आहे, असं दोनदा म्हणायचं, यजमानाने हाताला धरून बसवायचं आणि मग जेवायचं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणाऱ्याला आपण हावरट म्हणतो. तिकडे माणूस एकदा विचारतो. तुम्ही नाही म्हणालात की त्याच्या लेखी विषय संपला. तुमचा मान राखून तो डबा बंद करतो.

मी त्याला खूप हसले. कारण पहिल्या महिन्यात मीही बाथरूममध्ये बिस्किटं खाऊन दिवस काढले होते. त्यानंतर यादीत 'हो फामे' पुढे मोठ्या अक्षरात लिहिलं: पहिल्यांदा विचारतील तेव्हाच हो म्हणा, दुसऱ्यांदा कोणी विचारणार नाही. ही मी शोधून काढलेली गोष्ट, असा मला गर्व होता. एजंटसाहेबही चारचौघांत सांगायचे, "मॅडमचा क्लास म्हणजे नुसती भाषा नाही, तिथलं जगणं शिकवतात."

भुकेचं मला एवढं कळलं होतं. मग थकव्याचं का नाही कळलं, हे मी स्वतःला विचारते तेव्हा खरं उत्तर असं की कळलं होतं.

यादीतलं एकोणचाळिसावं वाक्य होतं 'सोनो स्तांका'. मी थकले. पुढे माझा शेरा: समजा, म्हणू नका.

समजायचं कशासाठी ते आधी सांगते. माझ्या वाट्याला आलेली पहिली म्हातारी, सिन्योरा एल्दा, दिवसभर हे एकच वाक्य म्हणायची. मी बापडी तिचे पाय तेल लावून चोळायचे. इकडे थकलेल्या माणसाचे पाय चोळतात, तेवढंच मला माहीत. आठवडाभराने झाडणारीने मला बाजूला घेऊन सांगितलं की तिचे पाय दुखत नाहीत, तिला आता पुरे झालं आहे. जगणं पुरे झालं आहे. तिथली म्हातारी माणसं हेच वाक्य त्या अर्थीही म्हणतात, आणि ते ऐकलं की शेजारी खुर्ची घेऊन बसायचं असतं, तेलाची बाटली आणायची नसते. म्हणून मुलींनी ते समजलं पाहिजे.

आणि म्हणायचं का नाही? तरुण इटालियन बाया तर हे वाक्य उठता-बसता म्हणतात, आपण "काय ऊन तापून राह्यलं बाप्पा" म्हणतो तसं. कोणाला त्याचं काही वाटत नाही. पण माझ्या पहिल्या वर्षी आमच्याबरोबर दुसऱ्या देशातून आलेली एक बाई होती. तीही त्यांचं बघून रोज म्हणायची, सोनो स्तांका. सहा महिन्यांनी तिचा करार पुढे वाढवला नाही. या कारणाने वाढवला नाही असं मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन आणि दोन मीच जोडले आणि ते चार जन्मभर सांभाळले.

शिवाय आमच्या घरी तरी कोण म्हणत होतं? कापसाच्या दिवसांत बाया दिवसभर वाकून येतात, आल्या आल्या चूल पेटवतात, शेजारणीने विचारलं, "थकली का वं?" तर म्हणतात, "नाही वं, कायची थकते." माझ्या सासूबाईंसमोर एकदा मी थकले म्हणाले होते. त्या म्हणाल्या, "थकाले काय झालं, गोटे फोडून आली का?" त्यानंतर तो शब्द माझ्या तोंडातून गेला तो गेलाच. आणि न थकणं हा गुण आहे असं मला वाटायला लागलं. एकदा चहा पिताना मी एजंटसाहेबांना म्हणून गेले, "आमच्या पोरी लहानपणापासून कापूस वेचतात. त्या थकत नाहीत." त्यांना ते वाक्य इतकं आवडलं की तिकडच्या वृद्धाश्रमांना पाठवायच्या माहितीपत्रकात त्यांनी ते इटालियनमध्ये छापलं. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मीच दुरुस्त केल्या.

रोशनी माझ्याकडे आली ती पुढच्याच वर्षी. आर्णीजवळच्या तांड्यावरची, बंजाऱ्याची मुलगी. घरी गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, टीव्हीवर हिंदी; चार भाषांत वाढलेल्या पोरीला पाचवीचं काय भय? पाच महिन्यांत ती अशी बोलायला लागली की मी तिला दुसऱ्या मुलींना शिकवायला बसवायचे. एकोणचाळिसाव्या वाक्याशी आलो तेव्हा तिनेच हात वर केला.

"मॅडम, मंग थकल्यावर काय म्हनाचं?"

"'तुत्तो बेने' म्हनाचं. सब ठीक."

वर्ग हसला, मीही हसले. रोशनीने ते वहीत लिहून घेतलं.

ती गेली आणि तिथल्या लोकांना फार आवडली. पहिल्या हिवाळ्यात त्या वृद्धाश्रमात कामावरची निम्मी माणसं आजारी पडली. उरलेल्यांना एक ड्युटी संपली की विचारायचे, दुसरी करशील का. त्यासाठी एक तक्ता होता: थकला आहात का, हो किंवा नाही, पुढे सही. तिथली हेड नर्स वाईट बाई नव्हती, तोंडीही विचारायची, "सेई स्तांका?" थकलीस का? रोशनी म्हणायची, नो, नो, तुत्तो बेने. हेड नर्स एकदा विचारायची. दुसऱ्यांदा कशाला विचारेल?

त्या दिवसांत दर रविवारी रोशनीचा मला फोन यायचा. अंगावर तसाच युनिफॉर्म, खाटेवर भिंतीला टेकून बसलेली. एकदा मी विचारलं, "डोये काहून सुजले तुहे?"

"झोप नाही झाली मॅडम. दोन-दोन ड्युट्या करून राह्यली."

"पयलं वर्ष असंच असते पोरी. काढ. नाव होते."

माझे शब्द असेच होते. फोन ठेवल्यावर मला तिचा अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकते.

आता जे घडलं ते समजायला आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. म्हाताऱ्या माणसाला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवणं सोपं दिसतं, पण नर्सच्या कामात त्याच्याइतकं जोखमीचं थोडंच काही असतं. आधी खुर्चीच्या दोन्ही चाकांचे ब्रेक लावायचे. मग त्यांच्या गुडघ्याला आपला गुडघा भिडवायचा, कमरेच्या पट्ट्याला धरायचं, त्यांच्या डोळ्यांत बघून 'उनो, दुए, त्रे' म्हणायचं आणि तीनला दोघांनी मिळून उठायचं. शक्यतो दुसरी नर्स बरोबर हवी. ताकद फार लागत नाही, लक्ष लागतं. आणि थकलेल्या माणसाचं पहिलं लक्षच जातं, ताकद मागाहून जाते.

सिन्योरा रीना एक्क्याण्णव वर्षांची होती, तुरीच्या पेंढीएवढं वजन. सकाळी सात वाजता, आदल्या दुपारपासून कामावर असलेल्या रोशनीने तिला उठवलं. दुसरी नर्स पलीकडच्या खोलीत होती. रोशनीने एका चाकाचा ब्रेक लावला आणि दुसऱ्याचा लावायची विसरली. म्हातारी बसायला गेली, खुर्ची मागे फिरली आणि ती फरशीवर आपटली.

खुब्याचं हाड मोडलं. रोशनी तिच्याशेजारी फरशीवर बसली, डोकं मांडीवर घेतलं आणि बेल दाबली. माणसं येईपर्यंत म्हातारी तिच्याकडे बघत होती. हे रोशनीने मला त्याच दिवशी फोनवर सांगितलं, रडत नव्हती, नुसती सांगत होती. म्हातारी म्हणाली, "सेई स्तांका, वेरो?" थकलीस ना तू?

"मंग तू काय म्हटलं?"

"नो सिन्योरा म्हटलं."

तीन आठवड्यांनी सिन्योरा रीना हॉस्पिटलमध्ये वारली. त्या वयात खुबा मोडला की बहुधा माणूस उठत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं.

चौकशी लागली. तिथल्या नियमाप्रमाणे रोशनीला दुभाषी मिळायला हवा होता. तिला इटालियन चांगलं येत होतं, पण त्या घटनेनंतर तिच्या तोंडून एक शब्द निघेना, बोलली तर फक्त मराठी. मराठीचा दुभाषी त्यांना सापडला नाही. रोशनी म्हणाली, माझ्या मॅडमला घ्या. म्हणून एका दुपारी मी खताच्या दुकानावरच्या त्या खोलीत, मुलींना सुट्टी देऊन, लॅपटॉपसमोर बसले. पडद्यावर वृद्धाश्रमाचे संचालक, लिहून घेणारा एक कारकून, आणि कामगार संघटनेची एक बाई. ती बाई रोशनीच्या बाजूने होती. रोशनी तिच्या शेजारी, मान खाली घालून.

दुभाष्याचा धर्म मी मुलींना शिकवायचे. दवाखान्यात कधी कोणासाठी बोलावं लागलं तर आपण फक्त नळी आहोत असं समजायचं. इकडून आलं ते तिकडे, आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि काही काढायचं नाही. तासभर मी तसंच केलं. मग संचालकांनी तो तक्ता समोर धरला. दोन आठवड्यांत नऊ वेळा तुम्हाला विचारलं, थकला आहात का. नऊ वेळा तुम्ही नाही म्हणून सही केली. का?

मी विचारलं. रोशनीने मान वर न करता उत्तर दिलं. तिचं वाक्य जसंच्या तसं माझ्या कानात आहे.

"मॅडमनं क्लासमंदी सांगतलं होतं, थकली असं तिथं कधीच म्हनू नोका. तसं यादीतच लिहून दिलं होतं."

सगळे माझ्याकडे बघत होते. संघटनेच्या बाईने पेन उघडून धरलं होतं. मला त्या क्षणी सगळं स्वच्छ दिसलं. हे वाक्य पलीकडे गेलं तर ती बाई विचारणार, कोणती यादी, कोणी दिली, एजन्सीला माहीत होतं का, वृद्धाश्रमाकडे ते माहितीपत्रक आलं होतं का. दोष वाटला जाणार. एकट्या रोशनीवर राहणार नाही. आणि माझा वर्ग बंद होणार. माझं नाव होणार ते असं होणार.

मी इटालियनमध्ये म्हणाले, "ती म्हणते, तिला काम करायची इच्छा होती. आमच्याकडे काम नाकारणं कमीपणाचं समजतात."

संचालकांनी मान हलवली. बाईने काहीतरी लिहिलं आणि पेन बंद केलं. मी रोशनीकडे बघितलं. ती खालीच बघत होती. मला वाटलं, या पोरीला आता काही ऐकूच येत नाही. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

निकाल लागायला महिना लागला. थकवा लपवून रुग्णाचा जीव धोक्यात घातला, असा ठपका रोशनीच्या एकटीच्या नावावर. नोकरी गेली, नोकरीवर टांगलेली राहायची परवानगी गेली, आणि तिथे पुन्हा या कामाला उभं राहायचा रस्ता बंद झाला. ती परत आली तेव्हा एजंटसाहेबांनी मला फोन करून सांगितलं, "मॅडम, मुलीने आपलं नाव घेतलं नाही. वाचलो."

तेव्हा वर्गात सहा मुली होत्या. परीक्षा महिन्यावर आली होती. मी शिकवत राहिले. एकोणचाळिसाव्या वाक्यापुढचा शेरा मी खोडला नाही, कारण खोडला तर मुली विचारतील, का खोडला. सहाही जणी पास झाल्या आणि पावसाळ्याच्या आधी गेल्या. त्या गेल्यावर, खोली रिकामी झाल्यावर, मला पत्र लिहायचं धैर्य आलं. याला धैर्य म्हणायचं की नाही ते वाचकांनी ठरवावं. मी संघटनेच्या त्या बाईला सगळं लिहिलं: रोशनी काय म्हणाली, मी काय सांगितलं, यादीत काय होतं, माहितीपत्रकात काय होतं. त्याची एक प्रत एजंटसाहेबांना पाठवली. त्यांनी त्याच दिवशी माझ्याशी संबंध तोडले आणि वर्ग बंद पडला. दुकानदाराने खोलीत बियाण्यांची पोती ठेवली.

त्या बाईचं उत्तर आश्विनात आलं. अपिलाची मुदत संपली होती. पत्राच्या शेवटी तिने सभ्यपणे लिहिलं होतं की हे वाक्य त्या दिवशी मला ऐकू आलं असतं तर मी ही केस हरले नसते.

ते पत्र घेऊन मी तांड्यावर गेले. दुपारचे तीन वाजले असतील. रोशनी शेतातून नुकतीच आली होती, कापूस वेचायची फडक्याची ओटी अजून कमरेला बांधलेली. दवाखान्यातली नोकरी तिने धरलीच नव्हती. तिची आई म्हणाली, "माणसाले हात लावाले नाहीच म्हनते. आता वावरातच जाते." आईने अंगणात खाट टाकली आणि ती आत गेली.

मी रोशनीला सगळं सांगितलं. तू अमुक म्हणालीस, मी तमुक सांगितलं. पत्र तिच्या हातात दिलं. वाटलं होतं, ती ओरडेल, रडेल, निदान उठून जाईल. तिने पत्र वाचलं, इटालियनमधलंच, मी अर्थ सांगायच्या आधी. घडी करून परत दिलं.

"मले माहीत होतं मॅडम."

"काय माहीत होतं?"

"तुमी काय सांगतलं ते. मले तेवढं इटालियन येते ना. तुमीच तं शिकवलं."

मी विचारलं, "मंग तवाच काहून नाही बोलली? ती बाई तुह्या बाजूलेच बसली होती."

"बोलनार होती. पन तुमचं तोंड पाह्यलं पडद्यावर. तुमी लय भेल्या होत्या." ती ओटीची गाठ सोडत होती. "अन् सहा पोरी होत्या क्लासमंदी. त्यातली वर्षा रोज फोन करत होती मले, ताई, माह्यं होईन ना म्हनून. म्हटलं, माह्या हातानं म्हतारी त मेलीच हाय. माह्यं गेलं ते गेलं. त्याहीचं कायले घालवाचं?"

आपण वयाने मोठ्या, पायाला हात लावून घेणाऱ्या, शहाणपण शिकवणाऱ्या. सव्वीस वर्षांच्या पोरीने माझी चूक मुकाट्याने अंगावर घेतली होती आणि मी आठ महिने समजत होते की मी तिच्यापासून काही लपवून ठेवलं आहे. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, पोरी, मला माफ कर. तिने सुटलेली ओटी खाटेवर ठेवली. माफ केलं असंही म्हणाली नाही आणि नाही केलं असंही नाही. मग म्हणाली,

"त्या साहीजनींले सांगतलं का तुमी?"

"काय?"

"यादीत लिहिलं ते चूक होतं म्हनून."

मी सांगितलं नव्हतं. त्या बाईला पत्र लिहिलं, एजंटला लिहिलं, पण ज्यांच्या वहीत तो शेरा अजून होता त्यांना सांगायला मला तोंड नव्हतं. पुन्हा हिवाळा तोंडावर होता.

"आताच लावा फोन," रोशनी म्हणाली.

मी खाटेवर बसूनच वर्षाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. तिने लगेच उचलला. मी इकडचं तिकडचं विचारलं, मग विचारलं, "वर्षा, थकत तं नाही ना बाई? ड्युट्या जास्त होऊन राह्यल्या का?"

"नाही मॅडम. एकदम मस्त हाय. तुत्तो बेने."

आवाज इतका टवटवीत होता की मी विश्वास ठेवला असता. रोशनीने माझ्या हातातून फोन घेतला.

"वर्षा, मी रोशनी बोलून राह्यली. मॅडमले काय सांगाचं ते सांग. मले खरं सांग."

पलीकडे वर्षा रडायला लागली. रोशनी तिला गप्प हो म्हणाली नाही, फोन कानाला धरून बसून राहिली.

बाकीचे पाच फोनही त्या दिवशी तिनेच लावले. मी नंबर सांगत होते.